एकच ब्रॉडबँड आणि घरात चार कॉम्प्युटर, राऊटर लावायचा कसा

घरात ब्रॉडबँडचं कनेक्शन एक आणि कॉम्प्युटर तीन-चार, मग रोजचं तेच, एकाने केबल काढायची, दुसऱ्याने आपल्याला लावायची आणि तिसरा आतून ओरडणार की अरे माझं डाऊनलोड चालू होतं. आमच्याकडे हे बरेच महिने चाललं. केबलच्या टोकाला तो पारदर्शक प्लास्टिकचा कनेक्टर असतो ना, त्याची ती छोटी क्लिप दाबून दाबून शेवटी तुटलीच, मग कनेक्टर आत बसायचा पण धरून राहायचा नाही, टेबलाला जरा गुडघा लागला की नेट गेलं. त्या दिवशी म्हटलं बास झालं, राऊटर आणू. आणला, आणि पहिली अख्खी संध्याकाळ तो चालूच झाला नाही. चूक माझीच होती, ती कुठली ते पुढे सांगतो. डोक्याला ताप न होता हे काम तासाभरात व्हावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की राऊटर कशाला, साधा स्विच लावून केबलचे फाटे काढले तर चालणार नाही का? बहुतेक ठिकाणी नाही चालत. स्विच फक्त भोकं वाढवतो, पत्ता वाढवत नाही. घरगुती कनेक्शनवर कंपनी साधारण एकच आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता) देते, तो पहिला कॉम्प्युटर घेऊन बसतो आणि दुसरा नुसता ताटकळतो. राऊटर काय करतो, तर कंपनीचा तो एक पत्ता स्वतःकडे घेतो आणि घरातल्या कॉम्प्युटरना आपल्या मनाचे खासगी पत्ते वाटतो, १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे. हे वाटायचं काम म्हणजे डीएचसीपी. असे पत्ते मुद्दाम राखून ठेवलेले आहेत, आरएफसी १९१८ म्हणून १९९६ सालचा एक दस्तऐवज आहे त्यात ते लिहिलेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ वाले. बाहेरच्या इंटरनेटवर ते कोणाच्याच नावावर नाहीत, त्यामुळे तुमच्या घरात १९२.१६८.१.२ असला आणि शेजाऱ्याच्याही घरात तोच असला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

आता गंमत बघा. दोन कॉम्प्युटरवर एकाच वेळी एकच साईट उघडली, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही मागण्या एकाच पत्त्यावरून आलेल्या दिसतात, मग उत्तर परत आल्यावर कुठलं कोणाचं हे कसं कळतं? राऊटर एक वही ठेवतो असं समजा. आतल्या १९२.१६८.१.२ ने मागणी केली की तो तिला बाहेरचा एक पोर्ट नंबर देतो, समजा ४०००१, आणि वहीत नोंद करतो. १९२.१६८.१.३ च्या मागणीला ४०००२. उत्तर ४०००२ वर आलं की वही बघून ते बरोबर त्याच कॉम्प्युटरला पोचवतो. याला नॅट म्हणतात. यातून एक फायदा आपोआप होतो, बाहेरून कोणी आगंतुक आलं ज्याची वहीत नोंदच नाही तर ते दारातच टाकून दिलं जातं. आणि नॅटची गरज पडली कारण जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण फक्त ४२९ कोटींच्या आसपास, त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला.

आणायच्या आधी

तुमच्या मोडेमच्या पाठीमागे वळून बघा. तिथे चार एकसारखी भोकं असतील, वर ॲन्टेना असेल, वायफायचा दिवा असेल तर तो नुसता मोडेम नाहीये, राऊटर आधीच घरात आहे, नवीन आणायची गरजच नाही. दुसरा कॉम्प्युटर दुसऱ्या भोकात लावून बघा, नेट आलं तर विषय संपला. बऱ्याच लोकांकडे असं असतं आणि त्यांना माहीतच नसतं, उगाच दुसरा डबा आणून गोंधळ वाढवतात.

एकच भोक असेल तर राऊटर लागेल. इथे एक फरक लक्षात ठेवा. फोनच्या वायरवर येणाऱ्या ब्रॉडबँडसाठी जो मोडेम-राऊटर मिळतो त्याला फोनच्या बारीक कनेक्टरचं छोटं भोक असतं, आणि फायबर किंवा केबलवाल्यांसाठी जो राऊटर लागतो त्याला नेटवर्क केबलचं मोठं भोक असतं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेलं असतं आणि बहुतेकदा त्याचा रंगही बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो. तुमच्याकडे मोडेम आधीच असेल, मग तो कुठलाही असो, फायबरवाल्यांच्या त्या ओएनटी डब्यासकट, तर हा दुसरा प्रकार घ्यायचा. अजून एक, प्लॅन १०० एमबीपीएसच्या वरचा असेल तर राऊटरचे पोर्ट (म्हणजे केबलची भोकं) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का ते खोक्यावर वाचा. खोक्यावर पुढे भल्या मोठ्या अक्षरात वायफायचा आकडा छापलेला असतो आणि मागे बारीक अक्षरात पोर्ट मात्र १०० चे निघतात, मग केबलवर ९४-९५ च्या पुढे काही जात नाही आणि आपण कंपनीला फोन करून भांडत बसतो.

लावायला घेतल्यावर

माझा एकच नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी एक कॉम्प्युटर थेट मोडेमला लावून नेट नीट चालतंय हे बघा. चालत नसेल तर राऊटरला हातच लावू नका, दोष आधीचा आहे. चालत असेल तर आता हे बघून ठेवा की नेट सुरू कसं होतं. केबल लावली की आपोआप येतं का, की युजरनेम पासवर्ड टाकून डायल करावं लागतं (म्हणजे पीपीपीओई), की कोणीतरी येऊन आकडे भरून गेला होता (म्हणजे स्टॅटिक आयपी). पीपीपीओई असेल तर युजरनेम आणि पासवर्ड, स्टॅटिक असेल तर ते चार-पाच आकडे, कागदावर लिहून घ्या. हो, कागदावरच. मधेच नेट बंद पडल्यावर मेल उघडून पासवर्ड शोधता येत नाही, हे मला नेट बंद पडल्यावर सुचलं.

आता मोडेम बंद करा, नुसतं बटण नाही तर पॉवरची पिन काढा, आणि दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या. हे थांबणं उगाच नाहीये, काही मोडेम शेवटी जोडलेल्या उपकरणाचा मॅक ॲड्रेस (कारखान्यातच त्याला दिलेला ओळख नंबर) लक्षात ठेवतात आणि नवीन उपकरणाला ओळखतच नाहीत, पॉवर गेली की विसरतात. मग मोडेमकडून येणारी केबल राऊटरच्या वॅन भोकात, आणि दुसरी केबल राऊटरच्या लॅन १ मधून (लॅन म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरसाठीची भोकं) कॉम्प्युटरला. आधी मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग राऊटर, त्याला दोन मिनिटं द्या, मग शेवटी कॉम्प्युटर. वायफाय आत्ता विसरा.

माझी पहिली संध्याकाळ याच पायरीवर गेली. मोडेमची केबल मी वॅनऐवजी लॅन ४ मध्ये खुपसली होती, दोन्ही भोकं शेजारी शेजारी आणि टेबलाखाली अंधार. वाईट म्हणजे सगळं बरोबर दिसत होतं! कॉम्प्युटरला पत्ता मिळालेला, दिवे हिरवे, वायफायही जोडलेलं, फक्त नेट नाही. तीन वेळा रीस्टार्ट केलं, सगळी सेटिंगं पुसून पुन्हा भरली, शेवटी मोबाईलचा टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो तेव्हा दिसलं की वॅनचा दिवा लागलेलाच नाहीये. म्हणून सांगतो, काहीही करण्याआधी वॅनचा दिवा बघा. आणि ही चूक नुसती आपल्यापुरती नसते बरं का, जिथे आजूबाजूची घरं एकाच स्विचवर आहेत तिथे उलट्या लागलेल्या तुमच्या राऊटरकडून शेजाऱ्यांना चुकीचे पत्ते वाटले जाऊ शकतात, आणि मग कंपनीचा माणूस तुम्हाला शोधत येतो.

पुढे राऊटरचं पान उघडायचं. राऊटरच्या पोटाखाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता असतो, १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा काहीतरी, तो ब्राऊझरमध्ये सगळ्यात वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत टाकायचा, सर्चच्या चौकटीत नाही. युजरनेम पासवर्ड पण स्टिकरवरच. आत गेल्या गेल्या हा पासवर्ड बदला, कारण एकाच मॉडेलच्या राऊटरचा कारखान्यातला पासवर्ड पुष्कळदा सारखाच असतो आणि तो कोणालाही शोधून मिळतो. मग वॅन किंवा इंटरनेट असं जे पान असेल तिथे तुमचा प्रकार निवडा. आपोआपवाल्यांनी डायनॅमिक आयपी, बाकी काही नाही. डायल करणाऱ्यांनी पीपीपीओई आणि कागदावरचं युजरनेम पासवर्ड, युजरनेममध्ये ॲट द रेटच्या पुढचा भाग असेल तर तोही पूर्ण टाकायचा, कॉपी पेस्ट केलं असेल तर शेवटी चुकून स्पेस आलीये का बघायचं. सेव्ह करा आणि स्टेटसच्या पानावर जा. वॅन आयपी समोर शून्य शून्य न दिसता खराखुरा पत्ता दिसला की काम झालं.

इथे पीपीपीओईवाल्यांची एक हमखास फसगत होते. कॉम्प्युटरवर तो जुना डायलर तसाच असतो, सवयीने आपण त्याच्यावर क्लिक करतो किंवा तो आपला आपण डायल करतो, आणि कंपनी एका वेळी एकच लॉगिन चालवून घेते, मग राऊटर म्हणतो पासवर्ड चुकीचा. पासवर्ड बरोबर असतो, जागा भरलेली असते. डायलर काढून टाका आणि नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी आणि डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी सोय) दोन्ही आपोआप घ्या असं करून ठेवा. स्टॅटिकवाल्यांनी पण हेच, तुमचे ते आकडे आता राऊटरमध्ये राहतील, कॉम्प्युटरमधून पुसायचे.

तरीही नेट येत नसेल तर दोन शक्यता उरतात. एक, वॅनला पत्ताच येत नाही, कारण कंपनीने तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचा मॅक ॲड्रेस नोंदवून ठेवलाय. राऊटरमध्ये मॅक क्लोन म्हणून सोय असते, तिथे त्या कॉम्प्युटरचा मॅक भरायचा, पण केबलच्या पोर्टचा, वायफायचा नाही, एकाच लॅपटॉपला दोन वेगवेगळे असतात. किंवा कंपनीला फोन करून नवा मॅक नोंदवायला सांगा, ते जास्त सरळ. दुसरी शक्यता म्हणजे वॅनला पत्ता येतो पण नेट चालत नाही, आणि बघितलं तर मोडेम पण १९२.१६८.१.१ आणि राऊटर पण १९२.१६८.१.१. एकाच नावाची दोन माणसं समोरासमोर बसल्यासारखं, राऊटरला कळेना कुठलं आतलं आणि कुठलं बाहेरचं. राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ करा, रीस्टार्ट करा, सुटेल.

एक कॉम्प्युटर चालला की बाकीचे म्हणजे काहीच नाही, केबल लॅन २, ३, ४ मध्ये लावत जायची, पत्ता आपोआप मिळतो. चारपेक्षा जास्त असतील तर आता मात्र स्विच चालतो, राऊटरच्या लॅन भोकातून स्विच आणि स्विचमधून बाकीचे. म्हणजे स्विच वाईट नाही, तो मोडेम आणि राऊटरच्या मधे असून उपयोग नाही, राऊटरनंतर पाहिजे.

केबलबद्दल जरा. कॅट ५ई घरासाठी पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं, घरात एवढं अंतर कुठलं. पण आत आठ तारा असतात आणि गिगाबिटला आठही लागतात, १०० एमबीपीएसला चारच. म्हणून दाराच्या फटीत चेपून एखादी तार तुटली तर केबल बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येते आणि वर्षभर कळत नाही. नेटवर्कच्या स्टेटसमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो, नवीन केबल टाकली की एकदा तिथे नजर टाकायची.

वायफाय सगळ्यात शेवटी. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूईपी दिसलं तर त्याला हात लावू नका, ते केव्हाच मोडलेलं आहे. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यात तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण गर्दी फार, चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच एक ठेवा कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंती सहन होत नाहीत. राऊटर उंचावर मोकळ्या जागी ठेवायचा, दिसायला बरं वाटत नाही म्हणून कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबायचा नाही. डेस्कटॉप मात्र केबलवरच ठेवा, जो जागचा हलत नाही त्याला वायफाय कशाला.

नेट गेलं तर शोधायचं कुठे

सगळेच आधी राऊटरला शिव्या देतात. जवळून लांब असं तपासत जा. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता). पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राऊटरकडून काही मिळालेलंच नाही आणि त्याने स्वतःच स्वतःला पत्ता लावून घेतलाय, केबल बघा किंवा राऊटरमध्ये डीएचसीपी बंद झालाय का बघा. पत्ता बरोबर असेल तर तिथेच डिफॉल्ट गेटवे (म्हणजे राऊटरचा पत्ता) लिहिलेला असतो, त्याला पिंग करा, म्हणजे तिथेच इंग्रजीत पिंग लिहून पुढे तो पत्ता द्या, समोरून उत्तर येतंय का ते कळतं. उत्तर आलं म्हणजे घरातलं सगळं ठीक. मग ८.८.८.८ ला पिंग करा, हा गूगलचा डीएनएस सर्व्हर. इथे अडलं तर गडबड मोडेमकडे किंवा कंपनीकडे, राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी आहे का बघा. आणि ८.८.८.८ उत्तर देतोय पण साईट एकही उघडत नाही, तर नेट चालूच आहे, फक्त डीएनएस गेलाय, राऊटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरून बघा. एवढं करून कंपनीला फोन केला ना, की समोरचा "राऊटर बंद करून चालू करा" म्हणायच्या आत आपण सांगू शकतो की गेटवे पिंग होतोय, बाहेर जात नाहीये. संभाषण बरंच लहान होतं.

नेट आहे पण सगळ्यांचं मंद झालंय, ही तक्रार वेगळी. आधी एक हिशोब, प्लॅनमधला १०० म्हणजे मेगाबिट, डाऊनलोडच्या खिडकीत दिसतं ते मेगाबाईट, ८ ने भागायचं, १०० एमबीपीएसवर एका माणसाला फार तर १२.५ दिसणार. आणि राऊटर वेग वाढवत नाही, वाटून देतो. त्यातही खरा चोर बहुतेकदा अपलोड असतो. कोणाचा तरी कॉम्प्युटर मागे गुपचूप फोटोंचा बॅकअप वर चढवत बसलेला असतो, वर जायची वाट भरली की बाकीच्यांचं डाऊनलोडही अडखळतं, कारण डाऊनलोडची पोचपावती पण त्याच वाटेने वर जाते. गेम खेळणारा सगळ्यात आधी ओरडतो. राऊटरमध्ये क्यूओएस (वेग कोणाला किती द्यायचा हे ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. नसेल तर बॅकअप रात्रीच्या वेळेवर लावायला सांगा, घरात भांडण न करता.

बाहेरून घरातल्या कॉम्प्युटरवर यायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं, म्हणजे वहीत आधीच एक कायमची नोंद करून ठेवायची. पण त्याच्या आधी स्टेटसमधला वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर कंपनीनेच तिच्याकडे अजून एक मोठं नॅट लावलंय, तुम्ही घरी कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही. तासन्‌तास सेटिंग करण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी करा. त्यातून मार्ग म्हणजे कंपनीकडे पब्लिक आयपी मागणं.

सगळं मनासारखं चालू झालं की राऊटरच्या पानावर बॅकअप नावाचं बटण शोधा आणि सेटिंगची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. मागे एक टाचणीएवढं भोक असतं त्यावर रीसेट लिहिलेलं असतं, नेट अडकलं की कोणीतरी हौसेने त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून धरतं, त्याला वाटतं रीस्टार्ट होतंय. सगळं पुसलं जातं. आमच्याकडे हे दोनदा झालंय, दुसऱ्या वेळी फाईल होती.